होमिओडोमेन जवळजवळ तेच, मग हॉक्स प्रथिनं आपापली जनुकं निवडतात कशी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. अल्ट्राबायथोरॅक्स आणि अँटेनापीडिया ही दोन हॉक्स प्रथिनं, म्हणजे शरीराच्या कोणत्या खंडाचं काय व्हायचं ते ठरवणारी प्रथिनं. त्यांची होमिओडोमेन (डीएनएला बांधणारा भाग) जवळजवळ सारखी आहेत, परीक्षानळीत दोघंही डीएनएच्या एकाच छोट्याशा क्रमाला चिकटतात, तरी फळमाशीच्या शरीरात एकामुळे एक खंड घडतो आणि दुसऱ्यामुळे वेगळाच. हे कसं? त्याला जोडून तुम्ही स्वतःच्या प्रयोगातली अडचण सांगितली आहे: भ्रूणातल्या एका एन्हान्सरमध्ये (जनुक कुठे आणि कधी चालायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात) सॉफ्टवेअरने सगळ्यात जास्त गुण दिलेली अल्ट्राबायथोरॅक्स बसण्याची जागा तुम्ही मोडली, म्हणजे तिथली अक्षरं बदलली, आणि रिपोर्टरमध्ये (एन्हान्सर चालतोय का ते दाखवणाऱ्या जनुकात) काहीच फरक दिसला नाही. मग ती जागा खोटी होती, की प्रयोग फसला?

बहुधा दोन्ही नाही. पण तिथवर यायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. प्रथिन डीएनएवर कुठे बसतं, हा पहिला. बसल्यावर जनुक चालू होतं की बंद, हा दुसरा. आणि त्याच जागी त्याचं भावंड का बसत नाही, किंवा बसलं तरी तोच परिणाम का होत नाही, हा तिसरा. पाठ्यपुस्तकं पहिल्यावर थांबतात. प्रयोग करताना आपण अडतो ते दुसऱ्या आणि तिसऱ्यापाशी.

आधी अडचण किती खरी आहे ते पाहू. फळमाशीत आठ हॉक्स जनुकं आहेत, सगळी तिसऱ्या गुणसूत्रावर, दोन गटांत. अँटेनापीडिया गटात लेबियल, प्रोबोसिपीडिया, डिफॉर्म्ड, सेक्स कोम्ब्ज रिड्यूस्ड (आपण एससीआर म्हणू) आणि अँटेनापीडिया. बायथोरॅक्स गटात अल्ट्राबायथोरॅक्स (यूबीएक्स), अ‍ॅब्डॉमिनल-ए आणि अ‍ॅब्डॉमिनल-बी. एडवर्ड लुइस यांनी बायथोरॅक्स गटावर आयुष्यभर काम केलं, १९७८ मध्ये त्याचं सार मांडलं, आणि १९९५ चं नोबेल त्यांना न्यूसलाइन-फोलहार्ट आणि वीशाउस यांच्याबरोबर मिळालं. त्यांची चार पंखांची माशी तुम्ही चित्रात पाहिली असेलच: तिसऱ्या वक्षखंडात यूबीएक्सचं काम थांबलं, की हॉल्टेअरच्या (मागच्या पंखांऐवजी असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या छोट्या अवयवांच्या) जागी पंखांची दुसरी जोडी येते. म्हणजे या प्रथिनांचा परिणाम जराही संदिग्ध नाही. एक गेलं की अख्खा अवयव बदलतो.

आता रेणूकडे या. होमिओडोमेन म्हणजे ६० अमिनो आम्लं, तीन हेलिक्स (मळसूत्री वेटोळी). तिसरी हेलिक्स डीएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये, म्हणजे दोन धाग्यांमधल्या रुंद खोबणीत बसते. तिथे अक्षरांना प्रत्यक्ष भिडणारी जी अमिनो आम्लं आहेत, म्हणजे क्रमांक ४७, ५०, ५१ आणि ५४, ती अँटेनापीडिया, एससीआर आणि यूबीएक्स या तिघांत एकच आहेत. साहजिकच तिघंही टी-ए-ए-टी हा गाभा असलेल्या जागांना बांधतात. चार अक्षरांचा क्रम योगायोगाने दर २५६ अक्षरांत एकदा येतो. फळमाशीच्या जीनोमचा वाचता येण्याजोगा भाग साधारण १२ कोटी अक्षरांचा. म्हणजे निव्वळ हिशेबाने एका धाग्यावरच साडेचार लाखांहून जास्त जागा झाल्या, आणि दुसरा धागा वेगळाच. एवढ्या जागांतून मोजकी लक्ष्यजनुकं निवडायला होमिओडोमेन एकटं पुरणारच नाही. या अडचणीवर आमच्या क्षेत्रात तीस-पस्तीस वर्षं काम चालू आहे.

मग फरक प्रथिनात कुठे आहे? १९८९-९० च्या सुमारास काही प्रयोगशाळांनी सरळ अदलाबदल करून पाहिली. डिफॉर्म्डचं होमिओडोमेन काढून तिथे यूबीएक्सचं बसवलं, तर ते संकरित प्रथिन भ्रूणात अँटेनापीडिया जनुकावर यूबीएक्ससारखं वागायला लागलं. यातून एवढं नक्की झालं, की ओळखीचा मोठा भाग होमिओडोमेनमध्ये आणि त्याच्या अगदी आजूबाजूला आहे. पुढे आणखी बारीक तुकडे बदलल्यावर बोट दोन ठिकाणी गेलं: होमिओडोमेनच्या सुरुवातीची लवचीक एन-टोकाची शेपटी, जी मायनर ग्रूव्हमध्ये, म्हणजे अरुंद खोबणीत शिरते, आणि तिच्या अलीकडचा जोडभाग. तुम्ही अनुक्रम एकाखाली एक लावाल तेव्हा तिसऱ्या हेलिक्सवर वेळ घालवू नका. या शेपटीकडे पाहा.

पण शेपटी एकटीही फार काही करत नाही. तिला जागं करतं ते एक्स्ट्राडेंटिकल.

एक्स्ट्राडेंटिकल (एक्सडी) हे स्वतः होमिओडोमेन प्रथिन आहे, पण हॉक्स नाही. ते गेलं तर खंडांची ओळख बदलते, मात्र हॉक्स जनुकं ज्या खंडांत असायला हवीत तिथेच राहतात. या निरीक्षणाचा तर्क मला आजही फार आवडतो: हॉक्स प्रथिनं जागेवर आहेत, तरी त्यांना आपलं काम करता येत नाही. म्हणजे एक्सडी त्यांच्या वरचं नाही, त्यांच्या सोबतचं आहे. १९९४ मध्ये जैवरसायनानेही हे दाखवलं, की एक्सडी आणि हॉक्स एकाच डीएनएवर शेजारी बसतात आणि एकमेकांचं बंधन पक्कं करतात. हॉक्स प्रथिनात होमिओडोमेनच्या आधी चार अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम असतो, वाय-पी-डब्ल्यू-एम. तो एक्सडीच्या होमिओडोमेनवरच्या एका खळगीत नेमका बसतो. यूबीएक्स, एक्सडी आणि डीएनए यांची एकत्र स्फटिकरचना १९९९ मध्ये आली तेव्हा ती खळगी डोळ्यांनी दिसली. तिसरा भिडू होमोथोरॅक्स. तो नसेल तर एक्सडी केंद्रकात टिकत नाही, पेशीद्रवात पडून राहतो. म्हणून 'या पेशीत एक्सडी आहे का' हा प्रश्न अपुरा. 'या पेशीत एक्सडी केंद्रकात आहे का' असं विचारायचं.

आता साहजिक शंका येते: एक्सडी तर सगळ्या हॉक्स प्रथिनांचा एकच सोबती. मग त्याच्यामुळे वेगळेपण कसं येईल? याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग १९९७ मध्ये झाला. उंदराच्या हॉक्स-बी-१ जनुकाच्या एन्हान्सरमधला एक्सडी-हॉक्स जागेचा छोटासा तुकडा फळमाशीत घातला, तर तो लेबियलला प्रतिसाद देतो. त्या जागेच्या मधली दोन अक्षरं, जी-जी, बदलून टी-ए केली, की तोच तुकडा डिफॉर्म्डला प्रतिसाद देऊ लागतो. फक्त दोन अक्षरं. २०११ मध्ये आठही हॉक्स प्रथिनं एक्सडीबरोबर घेऊन लाखो यादृच्छिक डीएनए तुकड्यांवर त्यांची पसंती मोजली गेली. एकेकटी असताना जी प्रथिनं जवळजवळ सारखी दिसत होती, ती एक्सडीबरोबर येताच तीन गटांत विभागली: लेबियल आणि प्रोबोसिपीडिया एकीकडे, डिफॉर्म्ड आणि एससीआर दुसरीकडे, अँटेनापीडियापासून अ‍ॅब्डॉमिनल-बीपर्यंतची चौघं तिसरीकडे. गटांमधला फरक मुख्यतः त्याच मधल्या अक्षरांत. म्हणजे वेगळेपण प्रत्येक प्रथिनात आधीपासून असतं, पण सुप्त. एक्सडीची सोबत ते बाहेर काढते.

कसं बाहेर काढते, हे एका ठिकाणी इतकं स्पष्ट झालं आहे, की ते जवळून पाहू. फोर्कहेड हे जनुक लाळग्रंथी घडवायला लागतं आणि ते एससीआरच्या ताब्यात आहे. त्याच्या एन्हान्सरमधला ३७ बेसजोड्यांचा एक तुकडा, नाव एफकेएच-२५०, भ्रूणात रिपोर्टरला जोडला की तो फक्त एससीआरच्या पट्ट्यात दिसतो. त्यातल्या एक्सडी-हॉक्स जागेत मोजकी अक्षरं बदलून ती 'आदर्श' जागेसारखी केली, तर रिपोर्टर मागच्या खंडांतही उजळतो, कारण आता अँटेनापीडिया आणि यूबीएक्स यांनाही ती चालते. २००७ मध्ये या दोन्ही तुकड्यांवर एससीआर आणि एक्सडी बसवून स्फटिकरचना काढली गेली. मेजर ग्रूव्हमधले संपर्क दोन्हीकडे साधारण सारखेच. फरक मायनर ग्रूव्हमध्ये होता. मूळ तुकड्यात तो ग्रूव्ह एका ठिकाणी विशेष अरुंद होतो, अरुंद झाला की तिथला ऋणभार तीव्र होतो, आणि एससीआरच्या शेपटीतलं आर्जिनिन-३ आणि जोडभागातलं हिस्टिडिन-वजा-१२ ही धनभारित अमिनो आम्लं तिथे आत शिरतात. 'आदर्श' तुकड्यात ग्रूव्ह तिथे तसा अरुंद होत नाही, आणि तीच अमिनो आम्लं सैल, अनिश्चित राहतात. २०१५ मध्ये डीएनएचा आकार वाचणारी एससीआरची ही अमिनो आम्लं अँटेनापीडियात बसवली, तर अँटेनापीडियाची पसंती एससीआरसारखी झाली. इथे प्रथिन अक्षरं वाचत नाही, अक्षरांमुळे आलेला डीएनएचा आकार वाचतं. आणि शेपटीला त्या आकारापुढे नेमकं धरून ठेवायचं काम वाय-पी-डब्ल्यू-एमच्या मार्गाने एक्सडी करतं.

हे वाचून अनेक जण थांबतात आणि म्हणतात, सुटलं कोडं. पण तुमच्या प्रश्नापुरतं ते सुटलेलं नाही. यूबीएक्स आणि अँटेनापीडिया दोघंही तिसऱ्या गटात पडतात. एक्सडी असूनही त्यांच्या पसंतीतला फरक थोडकाच. इथून पुढचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे: ऊती कोणती, एन्हान्सर कोणता, पेशीत आणखी कोण हजर आहे.

तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल असा मुद्दा म्हणजे कमकुवत जागा. अळीच्या पोटावरचे बारीक केस शेव्हनबेबी या जनुकाने ठरतात, आणि पोटाच्या खंडांत त्याला यूबीएक्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए चालू करतात. त्याच्या ई-३-एन आणि ७-एच या एन्हान्सरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत यूबीएक्स-एक्सडीच्या ज्या जागा प्रत्यक्ष काम करतात त्या इतक्या कमी आकर्षणाच्या निघाल्या, की नेहमीच्या सॉफ्टवेअरने त्या गाळल्याच असत्या. त्या जागा सुधारून जास्त आकर्षणाच्या केल्या तेव्हा एन्हान्सर जोरात चालला, पण इतर हॉक्स प्रथिनांनाही प्रतिसाद देऊ लागला आणि नको त्या खंडांत दिसू लागला. भर बाजारात मोठ्याने 'अहो!' म्हणून हाक मारली तर दहा जण वळून पाहतात. हळू आवाजात घरचं नाव घेतलं तर ज्याचं त्यालाच कळतं. जोरदार जागा सगळ्या भावंडांना आवडते, म्हणून ती भेद करू शकत नाही. भेद करणारी जागा बहुतेकदा कमकुवतच असते. भेद हवा तर जोर सोडावा लागतो, हा नियम हॉक्सच्या बाबतीत मला सगळ्यात पायाभूत वाटतो, आणि विद्यार्थ्यांना तो सगळ्यात उशिरा शिकवला जातो याचं वाईट वाटतं.

पण कमकुवत जागेवर प्रथिन क्षणभरच टिकतं. मग एन्हान्सर भरवशाने चालतो कसा? एकाऐवजी अनेक कमकुवत जागा जवळजवळ असतात. प्रत्येकीचा वाटा थोडा. एखादी गेली तरी बाकीच्या काम भागवतात, विशेषतः माशी सुखाच्या तापमानात वाढत असेल आणि यूबीएक्सच्या दोन्ही प्रती शाबूत असतील तर. तापमान बदललं किंवा प्रथिनाचं प्रमाण घटलं, की मग कमी जागांचा एन्हान्सर डगमगतो. तुमच्या रिपोर्टरमध्ये 'काहीच फरक नाही' याचा सगळ्यात संभाव्य अर्थ हाच आहे, की तुम्ही एक जागा मोडली, आणि तीही बहुधा ती जी भेद करत नव्हती.

आता 'बसल्यावर काय होतं' हा दुसरा प्रश्न. इथे शेजारच्या प्रथिनांचं महत्त्व फार. डिस्टललेस हे पायांचं जनुक पोटाच्या खंडांत बंद ठेवायचं काम यूबीएक्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए करतात, म्हणूनच माशीच्या पोटाला पाय येत नाहीत. पण ते एकट्याने बंद करत नाहीत. खंडाच्या पुढच्या कप्प्यात स्लॉपी पेअर्ड आणि मागच्या कप्प्यात एनग्रेल्ड त्याच छोट्या डीएनए-तुकड्यावर हॉक्स, एक्सडी आणि होमोथोरॅक्सच्या शेजारी बसतात, आणि जनुक दाबणारी यंत्रणा ते आणतात. म्हणजे एकाच खंडात, एकाच एन्हान्सरवर, दोन कप्प्यांत दोन वेगळे जोडीदार. हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. याच्या उलट प्रकार रोम्बॉइडच्या एका एन्हान्सरवर दिसतो. तिथे सेन्सलेस हे प्रथिन जनुक दाबून ठेवतं, आणि पोटात अ‍ॅब्डॉमिनल-ए आपल्या सोबत्यांसह त्याच जागेवर हक्क सांगून सेन्सलेसला बसू देत नाही. इथे हॉक्सचं काम म्हणजे फक्त अडवणाऱ्याला हटवणं. आणि आतड्याभोवतीच्या मध्यस्तरात डेकापेंटाप्लेजिक जनुकाला यूबीएक्स चालू करतं, तर अ‍ॅब्डॉमिनल-ए बंद करतं. दोघांचं लक्ष्य एकच, परिणाम उलटा. तिथे 'कोण कुठे बसतं' एवढाच प्रश्न विचारलात तर हाती काहीच लागणार नाही.

एक्सडीशिवाय चालणारी उदाहरणंही आहेत, ती विसरू नका. हॉल्टेअर डिस्कच्या (अळीतल्या ज्या पेशींच्या पिशवीतून पुढे हॉल्टेअर घडतं तिच्या) ज्या भागातून पंखाच्या पात्याशी समांतर भाग घडतो तिथे होमोथोरॅक्स नसतं, म्हणून एक्सडी केंद्रकात नसतं. तरी यूबीएक्स तिथे स्पॉल्टसारखी पंखाची जनुकं दाबतंच. २००२ च्या कामातून दिसलं, की तिथे यूबीएक्स एकट्याने बसतं, अनेक साध्या जागांवर, आणि त्यांचा परिणाम बेरजेने वाढतो. त्या भागात दुसरं हॉक्स प्रथिन स्पर्धेला नसल्यामुळे भावंडांत भेद करायची गरजही कमी पडत असावी. हे माझं मत आहे, पण ते या क्षेत्रात काम करणाऱ्या बऱ्याच जणांचं आहे.

इथवरचं थोडक्यात: तिसरी हेलिक्स भेद करत नाही, शेपटी करते, शेपटीतला भेद एक्सडीमुळे उघड होतो, गटांमधला भेद अक्षरांनी आणि डीएनएच्या आकाराने, गटातल्या भावंडांमधला भेद कमकुवत जागा, शेजारचे जोडीदार आणि पेशीच्या अवस्थेने.

ही पेशीची अवस्था म्हणजे मुख्यतः क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए प्रथिनांभोवती कसा गुंडाळलेला आहे ते. जीनोममधला बहुतेक डीएनए कोणत्याही एका पेशीत न्यूक्लिओसोमभोवती गुंडाळलेला असतो, आणि त्या साडेचार लाख जागांपैकी उघड्या राहतात त्या थोड्याच. पण हॉक्स प्रथिनं फक्त उघड्या दारातून आत जातात असंही नाही. हॉल्टेअर आणि पंखाच्या डिस्कची तुलना करणारं २०२१ चं काम सांगतं, की यूबीएक्समुळे काही जागा अधिक उघडतात आणि काही बंद होतात, आणि कुठे काय होईल ते पेशीच्या प्रकारावर ठरतं. म्हणून अख्ख्या भ्रूणाचं चिप-सीक्वेन्सिंग (प्रथिन जीनोममध्ये कुठे कुठे बसलं आहे ते शोधायची पद्धत) करून आलेली शिखरांची यादी 'यूबीएक्सची लक्ष्यजनुकं' म्हणून वापरू नका. अख्ख्या भ्रूणात एपिडर्मिस, स्नायू, चेतासंस्था, आतडं सगळं एकत्र घोटलेलं असतं. बरीच शिखरं अशा मोकळ्या जागी असतात जिथे अनेक प्रथिनं सापडतात आणि त्यातून काही घडत नाही.

लक्ष्यजनुकं आणि एन्हान्सर यांतला फरक कळायला पुण्यातलं एक काम वाचाच. आयसर पुण्यात एल. एस. शशिधर यांच्या गटाने यूबीएक्सची लक्ष्यं फळमाशी, मधमाशी आणि रेशीमकिडा अशा तीन कीटकांत ताडून पाहिली. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मधमाशीला आणि रेशीमकिड्याच्या पतंगाला मागचे पंख आहेत, हॉल्टेअर नाही, आणि यूबीएक्स तरीही आहे. त्यांना बरीच लक्ष्यजनुकं तिन्ही कीटकांत सामायिक सापडली. म्हणजे यूबीएक्स एखाद्या जनुकाजवळ बसतं, एवढ्यावरून ते जनुक पंखाचं हॉल्टेअर करण्यात भाग घेतं असं म्हणता येत नाही. त्या जनुकाच्या नियंत्रणात पुढे काय बदललं, ते वेगळं शोधावं लागतं.

आता तुमच्या प्रयोगाकडे. तुम्ही भ्रूणाची अवस्था आणि ऊती लिहिलेली नाही, म्हणून काही गोष्टी मी दोन्ही बाजूंनी सांगतो.

सगळ्यात आधी तुमच्या पेशींत एक्सडी केंद्रकात आहे का, ते अँटिबॉडीने रंगवून पाहा. केंद्रकात असेल तर जागा शोधण्याचा साचा यूबीएक्स एकट्याचा घेऊ नका, एक्सडी-यूबीएक्स जोडीचा घ्या, आणि गुणांची मर्यादा नेहमीपेक्षा बरीच खाली आणा. उमेदवार खूप येतील. ते येऊ द्या. जवळच्या जातींच्या माशांत तो एन्हान्सर जुळवून पाहिलात तर चाळायला थोडी मदत होईल, पण एखादी जागा जतन झालेली नाही म्हणून ती टाकून देऊ नका. कमकुवत जागांचे पुंजके उत्क्रांतीत सरकत राहतात. पुंजका टिकतो, नेमकी अक्षरं टिकत नाहीत.

त्यानंतर एकेक जागा मोडत बसण्याआधी सगळ्या उमेदवार जागा एकदम मोडलेला एक रिपोर्टर करा. त्यातही फरक दिसला नाही तर यूबीएक्सचा परिणाम अप्रत्यक्ष असू शकतो, आणि तुमचे पुढचे कित्येक महिने वाचतील. फरक दिसला तर मग गटागटाने जागा परत आणा. प्रत्येक जागेत किमान दोन वेगळ्या प्रकारे अक्षरं बदला, कारण मोडताना नकळत दुसऱ्याच प्रथिनाची जागा तयार होणं फार नेहमीचं आहे. आमच्याकडे नवीन अनुक्रम मागवण्याआधी तो ज्ञात साच्यांच्या संग्रहाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी ऑर्डर देत नाही. सगळे रिपोर्टर एकाच अट-पी जागेत, म्हणजे जीनोममधल्या एकाच ठरलेल्या ठिकाणी बसवा. वेगवेगळ्या जागी बसलेल्या रिपोर्टरांमध्ये तीव्रतेची तुलना करण्यात अर्थ नसतो. आणि 'फरक नाही' हे डोळ्यांनी ठरवू नका. एकाच वयाचे भ्रूण, एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर मोजा. आता मोडून झालेला तुमचा रिपोर्टर फेकू नका: त्याच माश्या यूबीएक्सची एकच प्रत असलेल्या पार्श्वभूमीवर आणा आणि कमी व जास्त तापमानालाही वाढवून पाहा. तुमचं उत्तर तिथे लपलेलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

जेल शिफ्ट (प्रथिन डीएनएला बांधतं का ते शरीराबाहेर पाहायची चाचणी) करणार असाल तर फक्त होमिओडोमेनचा तुकडा वापरू नका. वाय-पी-डब्ल्यू-एम आणि जोडभाग असलेलं प्रथिन हवं, आणि सोबत एक्सडी, तेही होमोथोरॅक्सबरोबर एकत्र शुद्ध केलेलं. एकटं एक्सडी नीट टिकत नाही. यूबीएक्सचे अनेक आयसोफॉर्म (एकाच जनुकातून येणारी थोडी वेगळी प्रथिनरूपं) आहेत आणि त्यांच्यात फरक पडतो तो याच जोडभागाच्या लांबीत. म्हणून तुमच्या ऊतीत कोणता आयसोफॉर्म आहे ते आधी पाहून तोच वापरा.

आणि गाल-४ ने (हव्या त्या पेशींत जनुक चालू करायच्या साधनाने) अँटेनापीडिया किंवा यूबीएक्स भलत्या ठिकाणी निर्माण करून 'दोघंही हा एन्हान्सर चालवतात' असा निष्कर्ष काढणार असाल, तर आधी प्रथिनाचं प्रमाण मोजा. जास्त प्रमाणात कोणतंही हॉक्स प्रथिन कमकुवत जागा भरून काढतं, आणि नैसर्गिक प्रमाणात असलेला भेद पुसला जातो. माश्या कमी तापमानाला वाढवून गाल-४ चा जोर कमी करता येतो. अँटिबॉडीने रंगवून त्या पेशींतली पातळी यूबीएक्सच्या नैसर्गिक खंडातल्या पातळीशी ताडा, आणि ती जवळपास आली तरच त्या प्रयोगाचा निकाल धरा.

शेवटचं, तुम्ही विचारलं आहे की यूबीएक्स आणि अँटेनापीडिया यांची होमिओडोमेन अदलाबदल करून पाहावी का. तुमच्या एन्हान्सरसाठी मी आत्ता ते करणार नाही. एक्सडीची अर्धी जागा मोडलेला आणि यूबीएक्सची अर्धी जागा मोडलेला, असे दोन वेगळे रिपोर्टर आधी करा. दोन्ही सारखेच पडले तर जोडी म्हणून बंधन आहे, आणि मग शेपटीतली अमिनो आम्लं बदलण्यात अर्थ आहे. फक्त दुसराच पडला तर यूबीएक्स तिथे स्पॉल्टसारखं एकट्याने बसत असणार, आणि मग होमिओडोमेनपेक्षा शेजारी कोण बसतं ते शोधायला लागा. एन्हान्सरचा अनुक्रम आणि भ्रूणाची अवस्था पाठवलीत तर उमेदवार जागा कुठे दिसतात ते मी पाहून सांगेन.